टाक्यांनंतरचे तीन दिवस

(भोपाळमधील मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या स्मृतिव्याख्यानाचं मुद्रित रूप)

बायपास होऊन दुसरा दिवस उजाडतो. आयसीयूबाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या हाती रक्ताचा अहवाल पडतो आणि त्यात एक आकडा ठळक छापलेला असतो. पांढऱ्या पेशी १६,०००. एरवी त्या ४,००० ते ११,००० च्या दरम्यान असतात. अंगात थोडी कणकण आहे, दाह दाखवणारं सीआरपी शंभराच्या पुढे गेलेलं आहे. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘काउंट वाढलेत, म्हणजे इन्फेक्शन झालं.’ मग फोनाफोनी सुरू होते आणि आणखी भारी अँटिबायोटिक द्या म्हणून डॉक्टरांना गळ घातली जाते.

बहुतेक वेळा तिथे एकही जंतू नसतो. छातीचं हाड मधोमध कापलेलं असतं, हृदय तास-दीड तास थांबवलेलं असतं, अंगातलं सगळं रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरवून परत आत सोडलेलं असतं. शरीर या सगळ्याची दखल घेतं, आणि १६,००० हा आकडा ती दखल दाखवतो. त्या आकड्यामागच्या पेशी पहिल्या तीन दिवसांत काय करतात आणि त्यांना गप्प बसवण्याचे मोठमोठे प्रयत्न का फसले, हा आजचा विषय. भोपाळनं या प्रश्नाकडे इतर शहरांपेक्षा अधिक लक्ष द्यावं असं एक ठोस कारण आहे, तेही ओघात येईलच.

गोष्ट सुरू होते १८८२ च्या अखेरीस, सिसिलीतल्या मेसिना गावी. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथे समुद्री जीव न्याहाळत होता. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्यानं गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर अळीच्या शरीरात भटकणाऱ्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या होत्या. अळीला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जासंस्थाही नावालाच, तरी परकी वस्तू आत शिरली हे पेशींना कळलं. या कामासाठी १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला पाउल एर्लिखसोबत मिळालं. आजच्या विषयासाठी त्या प्रयोगातली एक बाब लक्षात ठेवायला हवी : पेशी काट्यासाठी जमल्या, रोगजंतूसाठी नव्हे.

मेचनिकॉव्हचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढे मुंबईला आला. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत त्यानं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावानं ओळखली जाते. तिच्याच रस्त्यावर, आजच्या आचार्य दोंदे मार्गावर, केईएम रुग्णालय उभं आहे. तिथे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्डनं केलेल्या जगातल्या पहिल्या आरोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. पण रोगप्रतिकारक पेशी आणि हृदयाची शस्त्रक्रिया या दोन्ही विद्या आपल्याकडे परळच्या एका रस्त्यावर रुजल्या, हे मराठी माणसानं अभिमानानं सांगावं असंच आहे.

आता यंत्राकडे वळू. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या आधारानं १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम यंत्रानं केलं. शस्त्रक्रियेच्या इतिहासातल्या थोर क्षणांपैकी हा एक. मात्र त्यानंतरची जवळजवळ तीन दशकं शल्यविशारदांना एक कोडं सतावत राहिलं. शिवण पक्की, झडप चोख, तरी काही रुग्णांची फुप्फुसं दुसऱ्या दिवशी पाण्यानं भरत. रक्तदाब घसरे, मूत्रपिंडं मंदावत. फुप्फुसाच्या या दुखण्याला डॉक्टरांनी ‘पंप लंग’ असं नावच देऊन टाकलं होतं.

उत्तर रक्ताच्या स्वभावात होतं. जन्मल्यापासून रक्ताला एकच पृष्ठभाग ठाऊक असतो, रक्तवाहिन्यांचं आतलं मऊ अस्तर. यंत्रात शिरल्यावर पहिल्यांदाच त्याची गाठ नळ्यांशी, ऑक्सिजनेटरच्या पडद्यांशी आणि हवेशी पडते. आधी दिलेल्या हिपॅरिनमुळे गुठळी होत नाही, पण रक्तातली इतर प्रथिनं जागी होतातच. त्यांत कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते. एक तुटलं की दुसरं, दुसरं तुटलं की तिसरं. तिच्यातून सी३ए आणि सी५ए हे तुकडे बाहेर पडतात. यंत्रावर रक्त फिरत असताना हे तुकडे तयार होतात, हे १९८१ मध्ये मोजून दाखवलं गेलं. १९८३ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅमच्या जॉन कर्कलिन यांच्या गटानं पुढचा दुवा जोडला : ज्यांच्या रक्तात सी३ए जास्त, त्यांना शस्त्रक्रियेनंतर हृदय, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं यांचा त्रासही जास्त. शेवटी हिपॅरिनचा उतारा म्हणून प्रोटामिन देतात, तेव्हा दोहोंच्या जोडीमुळे ही साखळी पुन्हा एकदा पेटते.

सी५ए ही न्यूट्रोफिल पेशींसाठी हाक असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिलच असतात, आणि अस्थिमज्जा त्यांची रोज सुमारे शंभर अब्ज इतकी निर्मिती करते. एरवी या पेशी लवचीक असतात. फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्यांच्या स्वतःच्या व्यासाहून अरुंद, तरी अंग आक्रसून त्या पार होतात. हाक आली की त्या ताठरतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर चिकटणारी प्रथिनं उगवतात. ताठरलेली, चिकट झालेली पेशी फुप्फुसाच्या अरुंद वाटेत अडकते. तिथे ती इलॅस्टेजसारखी विकरं आणि प्राणवायूची दाहक रूपं ओतते. ही हत्यारं जंतू मारण्यासाठी घडलेली. समोर जंतू नसला तरी ती चालतात आणि केशवाहिनीची भिंत गळू लागते. फुप्फुसात येणारं पाणी ते हेच.

हृदयाचं दुखणं थोडं निराळं. महाधमनीवर क्लॅम्प लावून, पोटॅशियमचं थंड द्रावण सोडून हृदय थांबवतात. त्या काळात स्नायूला रक्त नसतं. काम संपून क्लॅम्प निघतो आणि उपाशी स्नायूत रक्त धावतं. त्या पहिल्या मिनिटांत खुद्द पेशींच्या आतच प्राणवायूचे विषारी रेणू तयार होतात, आणि मागोमाग न्यूट्रोफिल आत शिरतात. स्नायूचं जे नुकसान होतं त्यात रक्त थांबण्याचा वाटा असतोच, पण रक्त परत येण्याचाही असतो. क्लॅम्पचा वेळ मिनिटांत मोजून नोंदवतात, यामागे हे एक मोठं कारण आहे.

सगळं रक्त फुप्फुसांतून जातं आणि चवताळलेले न्यूट्रोफिल आधी तिथेच अडकतात. हे एकदा कळलं की भोपाळकराच्या मनात पुढचा विचार आपोआप येतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेटनं सर्वांत खोल जखम केली ती फुप्फुसांना. पुढे डॉ. व्ही. के. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्यांची फुप्फुसं आतून धुऊन त्या पाण्यातल्या पेशी मोजल्या. गॅस उतरून वर्षं लोटली होती. तरी ज्यांना विषाचा मारा जास्त बसला होता, त्यांच्या फुप्फुसांत मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, अजून वाढलेल्याच सापडल्या. त्यांच्या फुप्फुसांत दाहाचं ठाणं आधीपासूनच बसलेलं होतं.

त्या रात्री दहा वर्षांचं असलेलं मूल आज पन्नाशी ओलांडून गेलंय. हृदयाच्या धमन्या तुंबण्याचं हेच वय. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात गॅसपीडितांसाठी ५०० खाटांचं रुग्णालय उभारावं असं म्हटलं होतं. त्यातून भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि २००० मध्ये सुरू झालं. गॅसपीडितांच्या छातीची तपासणी आणि हृदयाची शस्त्रक्रिया जिथे एकाच छपराखाली होऊ शकते, अशी संस्था जगात दुसरीकडे कुठे असण्याचं कारणच नाही. चाळीस वर्षं दाहाच्या सावलीत राहिलेलं फुप्फुस हार्ट-लंग मशीनचा धक्का कसा पेलतं, हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क या शहराचा आहे. उत्तर शोधण्याची जबाबदारीही याच शहराची.

दाहच जर त्रास देतो, तर तो दाबून टाकावा, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं. अनेक दशकं कितीतरी ठिकाणी शस्त्रक्रियेआधी स्टेरॉइड देण्याची रीत होती. अखेर ती पारखून पाहिली गेली. नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर डेक्सामेथासोन तपासलं, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. त्यापाठोपाठ कॅनडातल्या हॅमिल्टनमधून चालवलेल्या सर्स या चाचणीत १८ देशांतल्या ७,५०७ रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा नुसतं द्रावण दिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल लागला : मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती यांत खात्रीचा फरक नाही, उलट हृदयस्नायूला इजा झाल्याच्या खुणा स्टेरॉइडच्या बाजूला जास्त. कॉम्प्लिमेंटची साखळी सी५ वर तोडणारं पेक्सेलिझुमॅब हे औषध २००४ मध्ये ३,०९९ बायपास रुग्णांवर तपासलं होतं. त्यानंही आखलेलं मुख्य लक्ष्य गाठलं नाही.

मग यंत्रच टाळलं तर? धडधडत्या हृदयावरच बायपास करायचा. ‘बीटिंग हार्ट’ हा शब्द आता आपल्याकडे रिक्षावाल्यालाही माहीत आहे, कारण भारतात ही पद्धत जगातल्या बहुतेक देशांपेक्षा कितीतरी जास्त वापरली जाते. कोरोनरी नावाच्या चाचणीत १९ देशांतले ४,७५२ रुग्ण होते आणि त्यांत भारतीयांचा वाटा मोठा होता. महिन्याभरानंतरही आणि पाच वर्षांनंतरही मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांत दोन्ही पद्धतींमध्ये खरा फरक दिसला नाही. छाती उघडण्याची जखम, रक्त थांबणं-सुटणं आणि भूल यांतूनही दाह होतोच. यंत्र हे त्याचं एक कारण, एकमेव कारण नव्हे.

या सगळ्या प्रयत्नांत एक समान चूक होती, असं म्हणायला आता पुरेसा आधार आहे. दाह ही एकच गोष्ट मानली गेली, आणि ती सर्वकाळ वाईट मानली गेली.

२००७ मध्ये बोस्टनच्या माथियास नारेनडॉर्फ आणि फिलिप स्विर्स्की यांनी उंदरांच्या जखमी हृदयात एक क्रम पाहिला. पहिल्या काही दिवसांत जे मॉनोसाइट, म्हणजे आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशी, येतात ते मेलेला स्नायू खाऊन साफ करतात, आक्रमकपणे. त्यानंतर दुसऱ्या जातीचे मॉनोसाइट येतात. ते नव्या रक्तवाहिन्यांना आणि तंतूंना वाव देतात, जखम भरून आणतात. पहिली फळी रोखली तर कचरा तसाच राहतो, दुसरी रोखली तर व्रण कच्चा राहतो. सगळ्यांवर सरसकट पाणी ओतणाऱ्या औषधाला हा भेद कळणार कसा?

शिवाय शरीर स्वतःच ब्रेक लावत असतं. दाह पेटतो त्याच तासांत रक्तातल्या मॉनोसाइटवरचं एचएलए-डीआर हे प्रथिन कमी होतं, आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या घसरते. म्हणजे एकीकडे न्यूट्रोफिल बेफाम, आणि दुसरीकडे खऱ्या जंतूला ओळखणारी यंत्रणा मरगळलेली. आपल्याकडे बायपासला येणाऱ्यांत मधुमेहाचे रुग्ण खूप असतात. त्यांच्या छातीच्या जखमेत पू होण्याचा धोका मुळातच जास्त. अशा माणसाला काउंट वाढले म्हणून आणखी स्टेरॉइड, किंवा काउंट वाढले म्हणून आणखी अँटिबायोटिक, ही दोन्ही टोकं घातक ठरू शकतात. सीआरपी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जातं आणि मग उतरतं. उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर मात्र डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते. नातेवाइकांनी एका दिवसाच्या आकड्याला घाबरण्यापेक्षा त्याची दिशा विचारावी.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास आणखी एक पाहुणा येतो, एएफ. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं तालाविना थरथरणं. बायपासनंतर साधारण तिघांत एकाला हे होतं. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर त्याहून अधिक. तार तुटलेली नसते, टाका सुटलेला नसतो, तरी ताल जातो. इथेही बोट पेशींकडेच जातं. २०१७ मध्ये असं दिसून आलं की हृदयात कायम राहणाऱ्या मॅक्रोफेज पेशी विद्युत्-संदेश पुढे न्यायला स्नायूपेशींना थेट जोडलेल्या असतात. २०२३ मध्ये त्याच बोस्टनच्या गटानं एएफ असलेल्या रुग्णांच्या ऊतींत बाहेरून आलेल्या मॅक्रोफेजचा भरणा दाखवला, आणि त्या पेशींतलं एसपीपी१ हे प्रथिन काढून टाकल्यावर उंदरांमध्ये एएफ कमी झालं. भक्षक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशी हृदयाच्या तालाच्या वाटेकरी निघाल्या. शंभर वर्षांच्या पाठ्यपुस्तकांना हे ठाऊक नव्हतं.

इथे आपल्या कुंपणावरची एक वेल आठवते. पावसाळ्यात सह्याद्रीत आणि मध्य भारतात लाल-पिवळ्या फुलांनी उठून दिसणारी कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्या ते बांधू देत नाही, म्हणून न्यूट्रोफिलची धाव मंदावते. इटलीतल्या मास्सिमो इमात्सिओ यांच्या गटानं ते हृदयशस्त्रक्रियेनंतर देऊन पाहिलं. हृदयाभोवतीच्या आवरणाला आठवड्यांनी येणारी सूज त्यानं कमी झाली, पण २०१४ च्या दुसऱ्या चाचणीत एएफ कमी झालं नाही, आणि जुलाबाचा त्रास वाढला. कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावतात, तेव्हा हे औषध डॉक्टरांच्याच मोजमापानं घ्यायचं असतं, हे वेगळं सांगणं भाग आहे.

आपल्या भागात आणखी एक वर्ग आहे, ज्यांचं हृदय शल्यविशारदापर्यंत पोहोचतं तेच मुळी प्रतिकारक पेशींमुळे. लहानपणी घसा दुखतो, स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्ध टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, तयार होतात, आणि जंतूच्या प्रथिनांशी साम्य असल्यानं त्या हृदयाच्या झडपेवरच उठतात. संधिवाताच्या तापानं आक्रसलेली मायट्रल झडप बदलण्यासाठी विशी-तिशीतल्या बाया अजूनही भोपाळच्या रुग्णालयांत येतात. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं, तर त्यांतल्या कित्येकींची छाती उघडावी लागली नसती. मनाला लागणारी गोष्ट आहे ही.

आणि टी-पेशींचा विषय निघाला की आरोपण टाळता येत नाही. सेन यांच्या काळात दुसऱ्याचं हृदय शिवता येत होतं, टी-पेशींमुळे टिकवता येत नव्हतं. १९६८ मध्ये जगभर शंभरावर हृदयं बसवली गेली आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात गेले. नॉर्वेतल्या पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून मग सायक्लोस्पोरिन हे औषध मिळालं. जाँ-फ्रान्स्वा बोरेल यांनी त्याचे गुण १९७६ मध्ये मांडले, १९८३ मध्ये ते अमेरिकेत वापरात आलं, आणि आरोपणं पुन्हा जोमानं सुरू झाली. त्या औषधानं सगळ्या पेशी मारल्या नाहीत. टी-पेशीतला एक ठरावीक संदेश तेवढा अडवला. नेमका नेम धरला तर काय साधतं, याचं याहून चांगलं उदाहरण दाखवता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये जबलपूरच्या एका दात्याचं हृदय ग्रीन कॉरिडॉरनं भोपाळच्या एम्समध्ये आणून बसवण्यात आलं, तेव्हा त्यामागे हा सगळा प्रवास होता.

भोपाळमध्ये उद्यापासून काय करता येईल? फार पैसा न लागणारं एक काम आहे. सीबीसी या प्रत्येक साध्या रक्ततपासणीत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे आकडे येतातच. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की जे गुणोत्तर मिळतं, ते शस्त्रक्रियेआधी चढं असेल तर पुढचा प्रवास अवघड जाण्याची शक्यता वाढते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. भोपाळ मेमोरियल, एम्स आणि हमीदिया या तिन्ही ठिकाणी हृदयाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी, पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी हे गुणोत्तर एकाच नमुन्यात लिहावं. सोबत क्लॅम्पची मिनिटं, व्हेंटिलेटरचे तास, एएफ झालं की नाही, आणि मधुमेह. एक रकाना १९८४ साठी ठेवावा : त्या रात्री हा माणूस कुठल्या वस्तीत होता, गॅसची नोंद आहे का, फुप्फुसाची तपासणी शस्त्रक्रियेआधी झाली का. रुग्णाची संमती घेऊन रक्ताचा एक छोटा नमुना गोठवून ठेवता आला तर आणखी उत्तम, कारण आज न मोजता येणाऱ्या पेशींच्या खुणा पाच वर्षांनी मोजता येतील. जे त्या रात्री मोठे होते, त्यांतले अनेक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तेव्हा ही नोंदवही याच वर्षी उघडायला हवी.